खोरफक्कानचा बंद व्हॉल्व

“तुमने देखा, ठीक है. लेकिन तुम उसी के गाँव का आदमी है,” बुडालेल्या बोटीची चौकशी करणारा सर्व्हेअर साहेब म्हणाला.

मी नुकताच पाण्यातून वर आलो होतो. तांब्याचं हेल्मेट काढलं होतं, बाकी ड्रेस अंगावरच. बोटं इतकी बधिर, की चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरला होता. आणि हा माणूस मला सरळ खोटारडा म्हणत होता. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

साठच्या दशकातली गोष्ट. यूएई नावाचा देश अजून झाला नव्हता. मी रत्नागिरीकडचा, मुंबईच्या डॉकमध्ये शिकलेला डायव्हर. खोरफक्कानसमोर एक मालवाहू बोट काही महिन्यांपूर्वी बुडाली होती. माणसं वाचली, बोट पंचवीस वाव खाली गेली. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होते तेवढी लांबी. पंधरा मजल्यांची बिल्डिंग उभी बुडेल, एवढं ते पाणी.

ही बोट दाऊदचाचाने बुडवली, असं बोटीच्या कंपनीचं म्हणणं. चाचा तिच्या इंजिनरूमचा सारंग, म्हणजे तिथल्या खलाशांचा मुकादम, आमच्याच गावचा. समुद्राचं पाणी इंजिनाकडे येतं त्या पाइपाची जाळी त्याने साफ करायला उघडली आणि जाळीच्या अलीकडचा व्हॉल्व बंद करायला विसरला, हा आरोप. व्हॉल्व म्हणजे आपला नळच, फक्त कळशीएवढा.

“हसन, मी व्हॉल्व आधी बंद केला रे,” चाचा म्हणायचा. “पाणी खालचा पत्रा फाटून आलं.” मी खाली जाऊन बघून आलो होतो, व्हॉल्व खरंच बंद होता.

आरोप खरा ठरला, तर चाचाच्या नल्लीवर, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकावर, वाईट शेरा बसणार. मग कुठलीच बोट त्याला घेणार नाही. अख्खं आयुष्य इंजिनाशेजारी काढलेला माणूस आमच्या लाँचवर एका कोपऱ्यात बसून होता.

मी म्हटलं, “साहेब, मग व्हॉल्वच काढून वर आणतो.”

“और नीचे तुमने बंद किया तो?”

माणूस खडूस, पण प्रश्न बरोबर होता. मग मला आठवलं. व्हॉल्वच्या चाकावर आणि दांड्याच्या सांध्यावर बारीक कालवं बसली होती, आमच्याकडे खडकांवर बसतात तशीच. चाक जरा फिरवलं तरी ती फुटणार.

“सांध्यावरचं एक जरी कालव ताजं फुटलेलं दिसलं, तर मला खोटा म्हणा.”

साहेबाने विचार केला. “ओके. वन चान्स.”

सोळा नट होते, सगळे गंजलेले. खाली फक्त वीस मिनिटं राहायचं. जास्त राहिलं किंवा सरळ वर आलं, की रक्तात हवेचे बुडबुडे होतात आणि माणूस जन्माचा पांगळा होतो. वर सलीम माझी हवेची नळी आणि रस्सी सांभाळायचा. हा तिथलाच अरब. त्याने रस्सीला तीन झटके दिले, की निघायचं.

पंधरा वावांपर्यंत पाणी बरं होतं. त्याखाली एकदम बर्फासारखं. इंजिनरूममध्ये मिट्ट काळोख, दिव्याचा उजेड हातभरच, हात उघडे, पाना धरलाय की नाही तेही कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटचा नट हलेना. जोर लावायला आधार पाहिजे, आणि आधाराला समोर चाकच होतं. डावा हात आपोआप तिकडे गेला. मी तो मागे ओढला. तेवढ्यात तीन झटके आले. रागाने रडू आलं, आणि हेल्मेटात नाकही पुसता येत नाही.

चौथ्या दिवशी तो नट छिन्नीने तोडला. व्हॉल्व गोणपाटात गुंडाळून रस्सीला बांधला. तो सरळ वर गेला. मी मात्र मधेच रस्सीला लटकून थांबे घेत बसलो. वर काय चाललंय काही कळेना. तेवढी लांब पंधरा मिनिटं मी आयुष्यात काढली नाहीत.

वर आलो तेव्हा साहेब गुडघ्यांवर बसून भिंगातून एकेक कालव बघत होता. बराच वेळ बघितलं. एकही ताजं फुटलेलं सापडलं नाही. मग उठला आणि व्हॉल्वच्या तोंडात स्वतःच्या हाताने बादलीतलं पाणी ओतलं. आम्ही सगळे खालच्या बाजूला डोळे लावून बसलो. पाच मिनिटं झाली. थेंब नाही.

“खलास,” सलीम म्हणाला, म्हणजे त्याच्या अरबीत ‘झालं, विषय संपला’.

साहेबाने रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘क्लोज्ड’. मग माझ्याकडे बघून टोपी काढली.

दाऊदचाचा उठून आला. माझे दोन्ही हात त्याने आपल्या हातांत घेतले आणि जोरजोरात चोळायला लागला. “बोटं बघ तुझी,” एवढंच म्हणाला. पुढच्याच महिन्यात तो दुसऱ्या बोटीवर कामाला चढला.

पुढे मी यापेक्षा खोल गेलो, मोठमोठे नग वर काढले. पण छाती फुगली ती त्याच दिवशी. आज नातू विचारतो, “दादा, डिड यू फाइंड गोल्ड?” मी सांगतो, नाही बाबा, एक नळ काढला. त्यात नट काढणं हमालीचं काम होतं. चाकाला हात न लावणं, ती कारागिरी.