आईचा कूलर आणि दहा गिगाचं कार्ड

लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या माणसाच्या घरात हार्डडिस्का तणासारख्या वाढतात. माझ्याही वाढल्या. मग एका ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर आणून त्यात मी त्या सगळ्या कोंबल्या, तो डबा जिन्याखालच्या खोलीत ठेवला आणि येईल-जाईल त्याला ‘हा आपला सर्व्हर’ म्हणून दाखवू लागलो. बीडमध्ये फोटोग्राफर पुष्कळ आहेत, पण घरी सर्व्हर असलेला मी एकटाच, असा माझा समज होता. तो समज मी कुणाला तपासू दिला नाही.

अडचण एकच होती. सर्व्हर जिन्याखाली, एडिटिंगचं मशीन पुढच्या खोलीत, आणि दोघांमधली वायर साधी. एका लग्नाचं शूटिंग इकडून तिकडं जाईपर्यंत चहा व्हायचा, कपही विसळून व्हायचे. त्यात मला कळलं, की मोठ्या कंपन्या जुने सर्व्हर काढून टाकतात तेव्हा त्यांतली दहा गिगाची, म्हणजे साध्या वायरीच्या दसपट वेगाची, नेटवर्क कार्डं मातीमोल भावानं विकायला येतात. दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून मी जोडी मागवली. पार्सल आलं त्या दिवशी मला आकाश ठेंगणं झालं होतं.

त्याच सुमारास आईनं माझ्याकडे एक गोष्ट मागितली.

तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, हिवाळ्यात वारला. मामा मेंढपाळ. उभं आयुष्य मेंढरांमागं फिरण्यात गेलं, त्यामुळं त्याचा धड एक फोटोही कुणाकडे नव्हता. माझ्या बहिणीच्या लग्नात मात्र तो होता. ते लग्न मांजरसुंब्याच्या मंगल कार्यालयात झालं आणि घरचंच म्हणून शूटिंग मीच केलं होतं. मी बनवलेल्या फिल्ममध्ये मामा एकदा दिसतो, तोही पंगतीत पाठमोरा, आणि वर सिनेमाचं गाणं. आम्ही सगळेच खरा आवाज काढून गाणी घालतो, गिऱ्हाइकाला तेच आवडतं. पण आईला पक्कं आठवत होतं, की मामा कॅमेऱ्यासमोर येऊन काहीतरी बोलला होता.

“त्यो काय बोल्ला हुता ते दाव मला एकदा,” ती म्हणाली. “अजून दिसतंय तवर.”

तिला काचबिंदू आहे. कडेकडेनं नजर जात चाललीय, आणि गेलेली परत येत नाही हे डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं. मूळ शूटिंग सर्व्हरवर जसंच्या तसं पडलं होतं, त्यातून मामाचा तुकडा शोधायचा एवढंच काम. मी म्हणालो, “आई, ह्या वायरीवरनं शोधायला लई वेळ लागतो. नवं कार्ड बसू दे, मग मोठ्या टीव्हीवर नीट दाखवतो.”

ती “बरं” म्हणाली. तिचं ‘बरं’ मला नेहमीच फार सोयीचं पडत आलंय.

कार्ड काही बसेना. खालच्या खाचेत घातलं तर मशीन ते ओळखेना, वरच्या लांब खाचेत घातलं तेव्हा ओळखलं. मग घोडं वायरीपाशी अडलं. ही कार्डं ज्या कंपनीच्या मशीनमधून निघालेली, त्याच कंपनीची वायर मागतात, दुसरी लावली तर दिवाच लागत नाही. दिवसेंदिवस मी इंटरनेटवर परदेशातल्या लोकांच्या चर्चा वाचत बसलो. कार्डाच्या आतला प्रोग्राम कुठल्याशा कमांडी देऊन बदलला, आणि एका दुपारी दोन्हीकडे हिरवा दिवा लागला. मी ओरडलोच. आई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन धावत आली. “दिसला का त्यो?” तिनं विचारलं.

मी तिला वेग दाखवला. पडद्यावरचा आकडा कसा वर चढतो ते दाखवलं. ती जवळ वाकून बघत राहिली, बिचारी.

थोड्या वेळानं दिवा विझला. बोट लावलं तर कार्ड चटका देत होतं. सर्व्हरमध्ये मोठाले पंखे घोंघावत असतात, त्यांच्या वाऱ्यावर जगणारी ही कार्डं, आणि माझा डबा कोंदट, त्यात बीडचा मे महिना. एक छोटा पंखा बसवला असता तर भागलं असतं. तो मी मागवला होता, पण येईपर्यंत मला धीर कुठला. घरात कूलर एकच, आईच्या खोलीत. “ने की,” ती म्हणाली, “मला काय, मी वट्यावर पडंन. झाडाचं वारं येतंय तिथं.”

मी नेला. सांगायला लाज वाटते, पण नेला. मी चाळिशीतला बाप्या माणूस, आणि म्हाताऱ्या आईला भर उन्हाळ्यात ओट्यावर काढून तिचा कूलर एका डब्यापुढं लावला. शेजारीण विचारायची, “मावशे, भाईर कावून झोपलाव?” आई सांगायची, “आत लई कोंदट हुतंय बाई.” माझं नाव तिनं घेतलं नाही.

एवढी अक्कल मला होती, की मशीनला ओला वारा नको. म्हणून कूलरमध्ये पाणी न घालता, पंप बंद करून, नुसता पंखा चालू ठेवला. कोरड्या वाऱ्यावर कार्ड छान चालू लागलं. मी माजलगावकडच्या एका लग्नाला तीन-चार दिवस निघून गेलो. दोन्ही मशीन चालूच ठेवली, शूटिंगची नक्कल होत राहावी म्हणून. मामाचं काम आल्यावर करू म्हटलं.

परत आलो तर दिवा विझलेला. डबा उघडला. कार्डावर, खाचेत, सगळीकडं पांढरी खरपुडी. आमच्या बोअरचं पाणी किती खारं आहे ते इथल्या प्रत्येक बादलीच्या कडेला दिसतं, तेच पाणी वाऱ्याबरोबर आत जाऊन वाळलं होतं. कूलरची टाकी काठोकाठ भरलेली, पंप चालू.

“कुणी घातलं पाणी?” मी किंचाळलो.

“म्या,” आई म्हणाली. “कोरडाच फिरत हुता की त्यो. म्हनलं, गडबडीत इसरलास तू. पंपाचं बटन दाबलं आन् रोज दोन कळशा टाकत हुते. मशीन तापाय न्हाई पायजे म्हनलास ना? तापलं तर त्यो दिसायचा न्हाई.”

मी तिला काय काय बोललो ते लिहिणार नाही. ‘तुला कळत नाही तिथं हात घालू नको’ हे त्यातलं सगळ्यात सौम्य होतं. ती उंबऱ्याशी उभी राहून पदरानं हात पुसत होती, कोरडेच हात. मग म्हणाली, “मग आता न्हाईच का दिसायचा?”

तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्ड उपटून फेकलं, सुदैवानं बाकीचं मशीन सुरू झालं. पडदा थेट सर्व्हरलाच जोडला, खाली फरशीवर बसलो आणि लग्नाचं फोल्डर उघडून एकेक क्लिप पुढं ढकलत गेलो. आईनं चहा ठेवला होता, तो उतू जायच्या आत मामा सापडला. पेनड्राइव्हवर घेतला, टीव्हीला लावला. ना कार्ड लागलं, ना वेग. हे पहिल्याच दिवशी झालं असतं, आणि पहिल्या दिवशी तिला आजच्यापेक्षा जास्त दिसत होतं.

आई टीव्हीच्या अगदी काचेपाशी जाऊन बसली. नवरी, करवल्या, मागं बँड. तांबड्या पटक्याचा एक माणूस गर्दीतून कॅमेऱ्याकडं येतो.

“त्योच का?”

“त्योच.”

“आरं,” मामा कॅमेऱ्याला म्हणतो, “माझी अक्का जेवली का बघ की. सकाळधरनं नुसती...” आणि त्याच्या बोलण्यावरच एक चिडका आवाज चढतो, “मामा, सरका की बाजूला! नवरी झाकली सगळी!” मामा ओशाळं हसतो आणि चौकटीबाहेर जातो.

आईनं तोंड माझ्याकडं वळवलं.

“मदीच कोन वरडलं रं?”

“मी,” म्हणालो.

मी म्हणालो, तो आवाज काढून देतो, मला येतं ते. पण लावून ऐकलं तर दोन्ही आवाज एकात एक गुंतलेले होते. माझा काढायचा तर मामाचाही जाणार होता.

“ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली. “त्याचं बोलनं जाईल. लाव परत.”

कूलर आता तिच्या खोलीत आहे आणि टीव्हीचा रिमोट तिला बोटांनी चाचपून चालवता येतो. रोज दुपारी जेवण झालं की ती ती क्लिप लावते. मामा तिच्या जेवणाची चौकशी करतो, मी त्याच्यावर खेकसतो, आणि पुढच्या खोलीत एडिटिंग करत बसलेल्या मला ते रोज ऐकू येतं.