कबूल केलेली साक्ष

बोलता बोलता तिचा डावा हात मागे जायचा, न बघता मुलीचं तोंड पुसायचा आणि परत मशीनवर यायचा. शिवण थांबायची नाही, बोलणंही थांबायचं नाही. मुलगी मागे भिंतीला टेकून बसलेली असायची. तिच्या तोंडातून लाळ गळायची. नवीन माणसाला ते बघवायचं नाही. आम्हाला सवय होती.

आम्ही दोघी टॉवेलच्या कारखान्यातून गठ्ठे आणून घरी कडा शिवायचो. सोलापुरात अशा बायका गल्लोगल्ली आहेत. आमची घरं समोरासमोर, मधे गटार. ती ख्रिस्ती, मी मारुतीचा शनिवार धरणारी. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, जिचं एकुलतं एक मूल कधी मोठंच होत नाही. हिची बाळी तशी होती. पंचविशी ओलांडली तरी बाळीच. चालता यायचं नाही, बोलता यायचं नाही. हसायची मात्र मोठ्यानं, आणि नको तेव्हा. शेजारी मयत झाली, बायका रडतायत, आणि ही समोरून खदाखदा.

"तिला काय कळतंय, अक्का," बाळीची आई म्हणायची.

"सगळं कळतंय तिला. मेलेला म्हातारा कसा हुता ते हिला एकटीलाच कळलंय," मी म्हणायचे.

नवरा बाळी लहान असतानाच गेला. मेला नाही, गेला. पुण्याला दुसरी केली म्हणे. ही त्याला कधी एक वाईट शब्द बोलली नाही, त्याचा मला राग यायचा. हिची सगळी गाऱ्हाणी वरच्याकडे. "थांबा, त्याला सांगते," म्हणायची, जसा काय थोरला दीर माडीवर बसलाय. पत्रा गळला, त्याला सांगते. मशीन अडलं, त्याला सांगते.

"मिस्त्रीला सांग की," मी म्हणायचे.

"मिस्त्रीलाबी तोच धाडतोय."

"मग लवकर धाड म्हणावं. आभाळ आलंय."

तिच्या चर्चमध्ये एक पद्धत आहे. मागितलेलं मिळालं की रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं, देवानं माझ्यासाठी हे केलं. त्याला साक्ष देणं म्हणतात. आपण नवस फेडतो, त्यातलाच प्रकार. ही त्यात फार पक्की. बाळीला रिक्षात घालून न्यायची आणि उभी राहायची. ताप उतरला, साक्ष. पत्रा बदलला, साक्ष. शेवटी पाळक साहेबच एकदा म्हणाले, "बाई, बाकीच्यांनाही थोडा वेळ ठेवा." हे तिनंच मला हसत सांगितलं.

पुढे तिला दम लागायला लागला. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, हृदय कमजोर आहे, फार तर दोन-चार वर्षं धरून चाला. बाहेर येऊन ती रडली नाही. "अक्का, बाळीचं काय?" एवढंच.

मोहोळला तिचा भाऊ होता. बाळीला घेऊन आम्ही दोघी गेलो. भावजयीनं जेवायला वाढलं, चांगलं वाढलं. जेवता जेवता बाळी हसली आणि तोंडातला घास चटईवर पडला.  भावजयीनं आम्हाला दुसऱ्या चटईवर बसवलं आणि पहिली उचलून धुवायला नेली. ही जे विचारायला गेली होती, ते तिनं विचारलंच नाही.

येताना एस्टीत मी म्हणाले, "एखाद्या संस्थेत ठेव तिला."

"तितं हिची मान कोण धरंल? पाणी पाजताना मान धराय लागती, न्हाय तर ठसका लागतोय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी त्याला सांगितलंय. हिला माझ्या आदी ने. ऐकलंस तर साक्ष देईन."

"असल्या गोष्टीची साक्ष देतात व्हय?"

"दर बारीला मागताना तसंच म्हणते की मी. तोंडात बसलंय. निघून गेलं."

तिचं मागणं मला चुकीचं वाटलं नाही. आजही वाटत नाही. तिच्या जागी बसून बघा.

पुढच्या थंडीत बाळीच्या छातीत कफ झाला. आठवडाही काढला नाही तिनं.

माती झाल्यावर ही म्हणाली, "रविवारी साक्ष द्यायची हाय."

"गप बस. कुणाला म्हाईत हाय तू काय मागितलं ते?"

"त्याला हाय की."

मग मीही गेले. रिक्षात बाळीच्या जागी बसले. ती उभी राहिली तेव्हा सगळे मायेनं बघत होते. त्यांना वाटलं, धीर दिला म्हणून आभार मानेल. ती म्हणाली, "मी मागितलं हुतं, माझी पोर माझ्या आदी ने. त्यानं ऐकलं." साक्षीच्या शेवटी देवाची स्तुती असो म्हणायचं असतं, आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि खाली बसली. पुढच्या बायका आमेनसाठी थांबल्या त्या थांबल्याच. पाळक साहेबांनी घाईघाईनं गीत सुरू करायला लावलं.

आणि मग ती जगली. दोन-चार नाही, चांगली दहा-बारा वर्षं जगली. नव्या गोळ्या लागू पडल्या, दम कमी झाला. डॉक्टर हसून म्हणाला, "मावशी, तुम्ही तर आमच्यापेक्षा ठणठणीत." ती हसली नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसली.

"अक्का, मी जगणार हाय, हे ह्याला म्हाईत हुतं ना?"

"कुणाला? डॉक्टरला?"

तिनं वर बघितलं. "मी अडाणी हाय. भ्याले, मागितलं. त्यानं न्हाय म्हणायचं हुतं की."

 मी तिला उठवलं आणि घरी आणलं.

चर्च तिनं सोडलं नाही. दर रविवारी जायची, गायची, परत यायची. पण पत्रा पुन्हा गळायला लागला तेव्हा त्याखाली पातेलं ठेवून बसली. शेवटची आजारी पडली तेव्हा मीच म्हणाले, "लई दुखतंय ना? काहीतरी माग की त्याच्याकडं."

"नको, अक्का," ती म्हणाली. "मागितलं की देतोय तो."

त्यांच्या कबरस्तानात आपल्या माणसाशेजारची जागा हवी असेल तर आधी सांगून ठेवावं लागतं. तिनं पाळक साहेबांनाही सांगितलं नव्हतं. बाळी जुन्या भिंतीकडे आहे आणि ही नव्या ओळीत, नळाजवळ. मधे सगळी दुसऱ्यांची माणसं.