गाडी नीट झाली, आता जायचं कुठे?

मंडळी, आठवडाभर माझी बाईक सिग्नलला उभी राहिली की इंजिनचा आवाज उगाच चढायचा, उतरायचा आणि गाडी बंद पडायची. आज रविवार, म्हणून सकाळीच चेन्नईच्या अण्णा नगरमधल्या माझ्या खोलीखाली पाने घेऊन बसलो.

प्लग साफ केला, आयडलिंगचा स्क्रू फिरवून पाहिला. काही फरक नाही. मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळीवर सहज बोट दाबलं, तर आवाज एकदम स्थिर! नळीला चीर गेली होती, तिथून हवा आत शिरत होती. नवी नळी आणून बसवली आणि आनंदाने "जमलं रे!" असं ओरडलोच.

ऐकायला कोणी नव्हतं. माझा रूममेट सचिन बदली होऊन पुण्याला गेला, तेव्हापासून इथे मराठीत बोलायला कोणी उरलेलं नाही.

घरमालकीण आजी तेवढ्या बाहेर आल्या. "एंग पोरे, तंबी?" कुठे निघालास बाळा, असं तमिळमध्ये विचारत होत्या. ठरलं काहीच नव्हतं, तरी गाडी सुरू केली.

एकटाच मैलापूरला गेलो, कॉफी प्यायलो, परत आलो.

चेन्नईत कोणी मराठी आहे का? पुढच्या रविवारी मागच्या सीटवर बसा, कुठेतरी जाऊ.