लायसन्स माझ्या नावावर

नवरा गेल्यावर मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या परमिट रूमचं लायसन्स माझ्या नावावर झालं. धंदा धाकटे दीरच बघायचे. एक्साइजच्या ऑफिसात सह्या करायला गेले तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "ताई, काउंटरवर कुणी का बसेना, नोकराने काही वावगं केलं तरी आम्ही तुम्हालाच बोलावणार. झिंगलेल्या माणसाला दारू द्यायची नाही."

बाहेर आल्यावर दीर हसले. "वहिनी, असं सगळ्यांनाच सांगतात."

माझी मात्र झोप उडाली. हायवेला कुठे गाडी उलटल्याचं कानावर आलं, की वाटायचं, आपल्याकडून तर पिऊन गेला नसेल? शेवटी मी दुपारची तिथे जाऊन बसायला लागले, किचनच्या दाराशी, काउंटर दिसेल अशी. गिऱ्हाइकं आधी बिचकली, मग त्यांना सवय झाली. दिरांना ते आवडलं नव्हतं.

एका दुपारी कोपऱ्यातल्या माणसाने आणखी एक क्वार्टर मागवली. समोर दोन रिकाम्या पडलेल्या. अंगात खाकी शर्ट, ताटलीशेजारी मोठी किल्ली. वेटरला विचारलं तर म्हणाला, कोळंबीच्या कारखान्याची बस ह्यांच्याकडे असते. सुट्टी झाली की बायकांना लांज्याच्या बाजूच्या गावांत सोडतात.

"त्यांना आता देऊ नकोस," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. "बाई, दारू विकता तुम्ही, आणि अक्कल मला शिकवता?"

"बस कोण चालवणार?" मी एवढंच विचारलं.

"मीच. रोज कोण चालवतो?" तो उठला. किल्ली घ्यायला गेलेला हात पहिल्यांदा नुसत्या टेबलावर पडला. मी पुढे झाले, तोवर त्याने ती उचलली आणि तो बाहेर पडला.

"जाऊ दे, वहिनी," दीर म्हणाले. "दाराबाहेर गेला, आपला संबंध संपला."

"संपत नाही, भावोजी."

मी तशीच निघाले. कारखाना पुढच्याच वळणावर. पोचले तेव्हा बस गेटाशी लागली होती आणि बायका बाहेर येत होत्या. बर्फाच्या पाण्यात राहून त्यांची बोटं पांढरीफटक पडली होती. मी ओरडले, "बसू नका! ड्रायव्हर प्यायलाय!"

"तुमी कोण?" एकीने विचारलं.

"तो माझ्याच बारमधून आलाय."

मग एक वयस्कर बाई म्हणाली, "गो बाये, मग आमी घरी कशा जानार? ह्या टायमाला यष्टी पन नाय." आणि ती चढली. तिच्यामागून आणखी काहीजणी चढल्या.

बस सुरू झाली. मी पुढे जाऊन उभी राहिले. मोठं धाडस वगैरे नव्हतं ते. त्याने हॉर्न दाबून धरला आणि बस हातभर पुढे आली. बॉनेटची गरम हवा तोंडावर आली. मला हलता येईना. आत बायका किंचाळत होत्या आणि एकाएकी इंजिन बंद पडलं.

ती वयस्कर बाई त्याच्या मागेच बसली होती. तिने वाकून किल्ली फिरवली आणि काढूनच घेतली. "उतर खाली, मेल्या," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवलं.

दुसरा ड्रायव्हर यायला दिवस कलला. तोपर्यंत बायका गेटासमोर फतकल मारून बसल्या होत्या. घरी पोरं वाट बघत असतील, असं एकमेकींना सांगत होत्या, आणि मधूनच माझ्याकडे बघत होत्या. कारखान्याचा सुपरवायझर म्हणाला, "खरं तर केस तुमच्यावरच व्हायला हवी." बसच्या ठेकेदाराने तक्रार केलीच. मला एक्साइजच्या ऑफिसात बोलावणं आलं.

तेच साहेब होते. "तुम्ही थांबवलंत तेव्हा तो किती प्यायला होता?"

दिरांनी घरून पढवून पाठवलं होतं, अर्धीच क्वार्टर म्हणा. मी म्हटलं, "दोन क्वार्टर. मला थांबवायला उशीर झाला."

त्यांनी लिहून घेतलं आणि लेखी ताकीद देऊन सोडलं. पुन्हा घडलं तर लायसन्स जाईल, हे दोनदा बजावलं.

दिरांनी त्यानंतर लांज्याला स्वतःचं हॉटेल टाकलं. त्या ड्रायव्हरची नोकरी गेली. त्याची बायको एकदा बारच्या पायरीशी आली होती. मला वाटलं, भांडायला आली. ती आत वाकून म्हणाली, "परत आला तर देऊ नका," आणि चालायला लागली.

तो परत आला नाही. दुसरीकडे कुठे जात असेल, मला माहीत नाही. काउंटरवर आता मी बसते. हात चुकणारा माणूस दिसला की आधी विचारते, गाडी आणली आहे का. काहीजण खोटं सांगतात. मग मी दारापर्यंत जाऊन बघते.