आहेर मॅडमचं वाढीव व्याज

आहेर मॅडमना कुठलीही बातमी सांगा, त्या चष्मा कपाळावर चढवून आधी एकच विचारायच्या, "कुणासाठी?" कॉलेजात त्यांच्या तासाला मी उत्साहाने म्हटलं होतं, "मॅडम, रुपया घसरला, वाईट झालं." झालं, मला उभंच केलं. "कुणासाठी वाईट? तुझ्या मागे बसलाय त्याच्या बापाची द्राक्षं परदेशात जातात. त्याला विचार." मागचा पिंपळगावचा मुलगा गालातल्या गालात हसत होता. मग त्याचीही पाळी आली. "तू हसू नको. बागेला मारायचं औषध बाहेरून येतं, ते महाग होणार. घरी जाऊन वडलांना सांग." डॉलर आणि रुपयाचं नातं मला त्या दिवशी जे कळलं, ते पुस्तकात कधीच कळलं नसतं.

पुढे लग्न झालं, आणि इंदिरानगरला कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटसमोरचं दार उघडलं तर दारात मॅडम! मूळच्या कळवणकडच्या, एकट्या. कॉलेज विनाअनुदानित, म्हणून पेन्शन नाही. आयुष्यभराची शिल्लक बँकेत मुदत ठेवीत ठेवलेली, तिच्या व्याजावर घर आणि गोळ्या. म्हणजे व्याजदर वाढले की त्यांना बरं, उतरले की आम्हाला. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर व्याजदराबद्दल टीव्हीवर बोलणार असले की आम्ही दोघी त्यांच्याच हॉलमध्ये चहा घेऊन बसायचो, आणि मॅडम मला चिडवायच्या, "बघ हं, आज तुझं दिवाळं नाहीतर माझं."

त्या वर्षी मात्र थट्टेचं राहिलं नाही. महागाईला आवर घालायला दर वाढले, मग पुन्हा वाढले. बँकेने आधी कर्जाची वर्षं वाढवली, मग हप्ताच वाढवला. त्यातच सातपूरच्या कारखान्यात संदीपचा, माझ्या नवऱ्याचा, ओव्हरटाइम बंद झाला. आम्ही फ्लॅट विकायचं ठरवलं. दलाल माणसं घेऊन आला, त्यांनी माझ्या ओट्यावर टकटक करून पाहिलं. मला इतकं लागलं ते, की मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

संध्याकाळी मॅडम आल्या आणि टेबलावर पाकीट ठेवलं.

"हे काय, मॅडम?"

"माझी ठेव नव्या दराने लागली. त्याचं वाढीव व्याज."

"मग मला कशाला?"

"वाढीव आलं कुठून? दर वाढले म्हणून. तुझा हप्ता कशाने वाढला? दर वाढले म्हणून. तुझ्या घरातून निघालं ते बँकेला वळसा घालून माझ्या घरात आलं. वर्गात झोपा काढायचीस काय गं?"

संदीपचा चेहरा पडला. "मॅडम, मदत घ्यायची वेळ नाही आली अजून आमच्यावर."

"मदत कोण करतंय?" मॅडम त्याच्यावरच उखडल्या. "उद्या दर उतरतील, माझं व्याज आटेल, तुमचा हप्ता हलका होईल. तेव्हा जे वाचेल ते तुम्ही मला द्यायचं. मी मागायला येईन, लाजणार नाही."

खरं सांगायचं तर त्या पाकिटाने वाढलेला हप्ता काही भरून निघत नव्हता. पण संदीपने रात्री स्वतःहून दलालाला नको म्हणून कळवलं. मी मॅडमच्या हॉलमध्ये अकरावी-बारावीच्या शिकवण्या सुरू केल्या. मुलं जमली, जमत गेली. आम्ही कसंबसं तरलो. पाकीट मात्र दर महिन्याला येतच राहिलं. "आता पुरे, मॅडम," म्हटलं की त्या म्हणायच्या, "दर उतरले का? नाही ना? मग ठेव." त्यांच्या अंगावर तीच एक साडी, कोपराशी विरलेल्या ब्लाउजसकट, मी दोन दिवाळ्या पाहिली. त्यावर बोललं की विषय बदलायच्या.

एका सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली ती आमची. मॅडम दार उघडत नव्हत्या. झोपेतच गेल्या होत्या. कळवणहून भाचा आला, सामान हलवलं, घर भाड्याने दिलं.

आणि मग दर उतरले. बँकेत अर्ज करून हप्ता कमी करून घेतला. वाचलेले पैसे मी पाकिटात घातले आणि भाच्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "ताई, हे तुमचं आणि आत्याचं. मी कसं घेऊ?" म्हणाला.

मी पाकीट घेऊन दार उघडलं. समोर भाडेकरूंच्या मुलांच्या चपला. टीव्हीवर तज्ज्ञ सांगत होते, कर्जदारांसाठी आनंदाची बातमी आहे. मी दारातच उभी राहिले. मॅडम, मागायला येईन म्हणाला होतात. या ना.