मामा पंचत्वात विलीन!

चहा गरम आहे तोवर ऐका, आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. सासुरवाडीत मी असा काही दिवा लावलाय, की अजूनही त्या गावच्या स्टँडवर उतरलो की तोंड लपवत चालतो. गावाचं नाव सांगत नाही. गडमुडशिंगीच्या पुढं कुठंतरी आहे, एवढंच धरून चाला. मला दिवाळीला तिथं जावं लागतं, बाबांनो!

मला नाद शब्दांचा. कुणी नाणी जमवतं, कुणी तिकिटं. मी शब्द जमवतो. एकदा शेतातल्या एका म्हातारीनं 'रानात घात आली' म्हटलं आणि मी घाबरून इकडंतिकडं बघायला लागलो. नंतर कळलं, घात म्हणजे माती अगदी पेरणीजोगी ओली होणं! काय आनंद झाला म्हणून सांगू! 'कडोसरी' सापडला, म्हणजे कमरेला धोतराच्या घडीत तंबाखूची पिशवी खोचतात ना, ती जागा, तेव्हा तर मी आठवडाभर पँटच्या खिशालाच कडोसरी म्हणत फिरलो.

असाच एक दिवस भडंगाच्या पुडीचा कागद उलगडला. वर्तमानपत्राचा तुकडा. त्यावर छापलेलं: 'अण्णासाहेब पंचत्वात विलीन. पुष्पहार घेऊन हजारोंची रांग. मान्यवरांची उपस्थिती. पोलिसांच्या बंदोबस्तात हवेत...' आणि पुढं कागद फाटलेला.

आता तुम्हीच सांगा, हार, गर्दी, मान्यवर, आणि हवेत काय? गुलालच की! माणूस पंच झाला, दुसरं काय असणार? पंचत्व! वा! काय वजन होतं शब्दाला!

दोन हजार सालानंतरचा काळ. डिजिटल फलकांचं खूळ गावोगाव नुकतंच पोचलेलं. माझं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि आमचे सासरे, म्हणजे मामा, ग्रामपंचायतीला निवडून आले. थोरले साडू ठेकेदार. त्यांनी हलगी आणली, गुलाल उधळला, मामांना खांद्यावर घेऊन गावभर नाचले. मला मामा खांद्यावर पेलले नसते. मग धाकट्या जावयानं करायचं काय? म्हटलं, आपल्याकडं शब्द आहे!

मामांचा हात जोडून हसणारा फोटो, चारी बाजूंनी झेंडूच्या माळा, आणि खाली ठळक अक्षरात: 'आमचे आधारस्तंभ, आदरणीय मामा पंचत्वात विलीन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, धाकटे जावई.'

फलकवाला म्हणाला, "लई वजनदार शब्द हाय, पावणं! उद्या सकाळी स्टँडवर लावून टाकतो." मी छाती फुगवून घरी आलो. बायको कौतुकाला आदल्या दिवशीच माहेरी गेलेली.

दुसऱ्या दिवशी मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, माझ्या कारखान्यात. तिथं स्टोअरमध्ये एक कुलकर्णी होते. त्या दिवशी ते उशिरा आले.

"काय हो, उशीर?"

"अहो, शेजारचे आजोबा पहाटे पंचत्वात विलीन झाले."

"अरे वा! अभिनंदन! कुठली ग्रामपंचायत?"

कुलकर्णी माझ्याकडं बघतच राहिले. "कसली ग्रामपंचायत?"

"म्हणजे कुठून निवडून आले?"

"अहो, वारले ते! पंचमहाभूतांत मिसळले! बरे आहात ना तुम्ही?"

मी बरा नव्हतो. पायाखालची फरशी सरकली. मामांना ब्लडप्रेशर! आणि मी त्यांना झेंडूच्या माळा घालून, हार्दिक अभिनंदन करून, खाली शुभेच्छुक म्हणून सही ठोकून मारून टाकलेलं! मामांना फोन लावला, तर बंद. चोरीला जाऊ नये म्हणून ते मोबाईल बंद करून कपाटात कुलूप लावून ठेवायचे. बायकोला लावला, तर हलगीच्या आवाजात तिला काही ऐकू येईना.

अर्धी रजा टाकली आणि गाडीला किक मारली. वाटेत डोळ्यांसमोर काय काय यायला लागलं! निपाणीचे पाहुणे ट्रॅक्स भरून आलेत, गळ्यात पडून रडतायत, मामा त्यांनाच चहा देतायत. त्याहून वाईट म्हणजे मामांनी कुणाला तरी अर्थ विचारलाय. म्हटलं, देवा, एवढा फलक तेवढा उतरवू दे!

स्टँडवर पोचलो आणि गाडीच बंद पडली माझी. मामांचा फलक होताच. पण शेजारी दुसरा! त्याच्या शेजारी तिसरा! मामांच्या पॅनेलचे झाडून सगळे विजयी उमेदवार पंचत्वात विलीन! फलकवाल्यानं मजकूर तोच ठेवून नुसते फोटो बदलले होते. मी एकट्या सासऱ्याला सोडवायला आलेलो, इथं अख्खी ग्रामपंचायत गेली होती!

सत्काराच्या मांडवात मामांनी मला मिठीच मारली. "जावईबापू! गावात तुमच्या शबुदाचं नाव निघालंय की!"

"मामा, तो फलक जरा... काढूया का?"

"का म्हणून? थोरल्यांस्नी सुचलं न्हाय त्ये तुमास्नी सुचलं!"

थोरले साडू माझ्याकडं खाऊ का गिळू बघत होते. सासूबाईंनी दृष्ट काढली. "ह्यांचं कवापास्नं चाललंतं बघा, पंचत्वात जायाचं. एकदाची इच्छा पुरी झाली!"

तेवढ्यात मामांच्याच पॅनेलमधून पडलेले उमेदवार, तात्या, माझा हात धरून म्हणाले, "माझं मातूर ऱ्हायलं. पुढल्या टायमाला समद्यांनी मिळून मलाबी घालवा पंचत्वात!"

एकदा वाटलं, गप्प बसावं. कुणाला कळलेलं नाही, कळणारही नाही. आणि तेवढ्यात मांडवाच्या दारात जीप थांबली. सत्काराला प्रमुख पाहुणे बोलावलेले. कोण? कोल्हापूरचे मराठीचे निवृत्त हेडमास्तर!

गुरुजी टोपी हातात घेऊनच उतरले. चेहरा पांढराफटक. दाराशी मीच होतो. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सगळेच? एकदम? गाडी दरीत गेली काय?"

"गुरुजी, तसं नाही, जरा इकडं..."

तोवर मामा हार घेऊन पुढं आलेच. "या, या गुर्जी!"

गुरुजी दोन पावलं मागं सरकले. "तुम्ही? तुमचा तर पहिलाच फलक होता!"

मग काय! गुरुजींनी समोरचा माइक धरून, जसं वर्गात सांगतात तसा, शब्द फोडून सांगितला. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, आणि त्यात मिसळलेले आमचे मामा. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. माझ्या बायकोनं तर मला ओळखच दाखवली नाही. एकटे तात्या उड्या मारत सुटले, "देवानं वाचिवलं रं! पडलो म्हणून ऱ्हायलो!"

मामांनी हार खाली ठेवला. सावकाश माझ्याकडं वळले. कान लाल, मिशी थरथरतेय, आणि मी मनातल्या मनात ब्लडप्रेशरच्या गोळ्या शोधतोय.

"पावणं," मामा म्हणाले, "तुमास्नी येगळं येगळं शबुद लागत्यात न्हवं? मग ह्यो घ्या एक!"

आणि भर मांडवात, माइक चालू असताना, त्यांनी मला एक शब्द दिला. तसला शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. कुठल्या कोशात असेल असंही वाटत नाही.

पण खोटं कशाला बोलू? त्याचा अर्थ मात्र मला पहिल्या झटक्यात, अगदी बिनचूक लागला!