सागवानी मूठ

शिलाई मशीनला तेल घातलं की मुरबाडचे काका आठवतात. आपल्या परवान्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरला ते हेच तेल लावायचे. काका वारल्यावर काकी ते रिव्हॉल्व्हर विकायला जीपनं कल्याणला बंदुकांच्या दुकानात गेली. सोबत मी होतो.

दुकानदारानं भिंगातून नळीवरचे शिक्के वाचले. "अस्सल विलायती. पण मूठ नंतर बसवलीय. भाव पडणार."

"त्यांनीच घरी सागाची घासून बसवली," काकी म्हणाली. "मंग मूठ तेवढी मला द्या. बाकीचं मला नाय ठेवायचं."

त्यानं स्क्रू काढले, लाकूड पुसून तिच्या ओंजळीत ठेवलं. "आता खोट राहिली नाही. पूर्ण भाव देतो."

तेव्हा मला ते पटलं होतं. बिनमुठीच्या रिव्हॉल्व्हरला तर भाव आणखीच कमी येतो, हे फार उशिरा कळलं.